‘मान्य आहे’ इंग्रजीत टाकताना

बेळगावात कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीकडची माणसं येतात आणि म्हणतात, “ताई, मान्य आहे म्हणून इंग्रजीत टाका की.” मराठीत ‘मान्य’, कानडीत ‘ओप्पिगे’, एवढ्यावर आपलं भागतं. इंग्रजीत भागत नाही. म्हणून आधी विचारायचं: होय म्हणणारा कोण, आणि कशाला होय म्हणतोय?

मत जुळलं तर ‘ॲग्री’. माणसाशी जुळलं तर ‘ॲग्री विथ’, प्रस्तावाला होकार दिला तर ‘ॲग्री टू’, भाडं ठरलं तर ‘ॲग्री ऑन’. समोरून आलेलं घेतलं तर ‘ॲक्सेप्ट’: नोकरीची ऑफर, आमंत्रण, राजीनामा. ‘आय ॲक्सेप्ट टू पे’ असं पोरं सर्रास लिहून आणतात. ते चूक; तिथं ‘ॲग्री टू पे’च हवं.

रजा, कर्ज, घराचा नकाशा साहेब ‘अप्रूव्ह’ करतात. अर्जदारानं तो शब्द स्वतःकडे घेऊ नये. मागे ‘ऑफ’ लागला की मात्र गोष्ट पसंतीवर येते. बाबांना स्थळ पसंत नसेल तर ते ‘अप्रूव्ह ऑफ’ करत नाहीत. तिथं शिक्का लागत नाही.

सगळ्यात जपून वापरायचा तो ‘कन्सेंट’. आपल्या शरीराच्या किंवा हक्काच्या गोष्टीत दुसऱ्याला दिलेली मोकळीक. ऑपरेशनच्या कागदावर हाच असतो. वडिलोपार्जित शेत विकताना बहिणीची सही हवी असेल, तर ‘ॲग्री’नं वाक्य चुकणार नाही, तरी मी ‘कन्सेंट’च टाकते, हिस्सा तिचा आहे, नाही म्हणायचा हक्कही तिचा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थानं होकार दिला तर ती संमती. जबरदस्तीनं किंवा फसवून घेतलेली संमती कलम १४ मोकळी धरत नाही. भाऊ शेजारी उभा राहून “कर गं सही” म्हणत असला, की मी सगळा कागद तिला मराठीत वाचून दाखवते. भाऊ वैतागतो. वैतागू दे.

नोटीस आली तर आणखी जपा. ‘ॲक्नॉलेज रिसीट’ म्हणजे कागद पोचला, एवढंच. ‘ॲडमिट’ लिहिलंत तर आतला आरोप किंवा देणं कबूल केल्यासारखं होतं, ते वकिलाला विचारल्याशिवाय नको.

‘कन्कर’ म्हणजेही मत जुळणंच, पण तो निकालपत्रात शोभतो. घरमालकाच्या पत्रात कशाला?