उष्णता गेली कुठे?

टीवायला पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सच्या इंटर्नलचा पेपर परत मिळाला, तेव्हा माझ्या उत्तराखाली लाल पेनाने तीनच शब्द लिहिले होते : ‘उष्णता गेली कुठे?’

प्रश्न नेहमीचाच होता. दोन्ही टोकं आणि बाजू उष्णतारोधक वेष्टनात गुंडाळलेली एक सळई, तिचं सुरुवातीचं तापमान दिलेलं, पुढे काय होतं ते काढा. मी चार पानं भरली होती. चलं वेगळी केली (उत्तर म्हणजे जागेचं एक फलन गुणिले वेळेचं एक फलन असं धरलं), कोसाइनची मालिका मांडली, सहगुणक काढले, एकही चिन्ह चुकलं नव्हतं. फक्त मालिकेतल्या प्रत्येक पदाला ऋण घातांक होता, म्हणजे वेळ जाईल तसं सगळं शून्याकडे. सळईला चारी बाजूंनी बूच मारलेलं, आत-बाहेर काही जायला वाट नाही, आणि माझ्या उत्तरात तिच्यातली ऊब हळूहळू नाहीशी होत होती. चार पानं लिहिताना मला त्यात काही खटकलं नाही, याची मला जास्त लाज वाटली.

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती दर वर्षी कोणी ना कोणी करतंच. चलं वेगळी केली की एक स्थिरांक येतो. तो धन, ऋण की शून्य, असे तीन पर्याय. माझ्याकडच्या झेरॉक्स नोट्समध्ये चौकटीत लिहिलं होतं : ‘स्थिरांक ऋणच घ्यावा, बाकीच्यांनी काही निघत नाही.’ टोकं शून्य अंशावर धरलेली असतील तर हे खरंच आहे. पण टोकं बंद असतील तर शून्याच्या पर्यायातून एक साधी अचल संख्या निघते, आणि तीच सुरुवातीच्या तापमानाची सरासरी असते. शेवटी सळई जिथे येऊन थांबते ते तापमान मी नोट्सवर विश्वास ठेवून फेकून दिलं होतं.

पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे पीडीई, म्हणजे जागा आणि वेळ अशा एकाहून जास्त चलांनी बदलणाऱ्या गोष्टींची समीकरणं, पहिल्यांदा समोर येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असा किंवा इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकलेले असा. (मराठीत याला आंशिक विकलक समीकरणे म्हणतात. वर्गात कोणी म्हणत नाही.) माझं म्हणणं एवढंच की, या विषयात समीकरणं मोजकीच आहेत. उष्णतेचं, तरंगाचं आणि लाप्लासचं, या तिघांवर अख्खं सेमिस्टर निघतं. खरी गंमत टोकांवरच्या अटींमध्ये असते, आणि आपण नेमकं तेच वाक्य वाचून पुढे पळतो.

उष्णतेचं समीकरण चिन्हं बाजूला ठेवून वाचायला शिका. एखाद्या बिंदूच्या दोन शेजाऱ्यांची सरासरी त्याच्यापेक्षा जास्त असेल तर तो तापतो, कमी असेल तर निवतो. दुसरा डेरिव्हेटिव्ह म्हणजे एवढंच. मला हे कळलं ते समीकरण सोडवायला शिकल्यानंतर चार महिन्यांनी.

आधी काय यायला हवं? दोन-तीन चलांचं कॅल्क्युलस, स्थिर सहगुणकांची दुसऱ्या ऑर्डरची साधी डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि फुरिए मालिका, म्हणजे फलन सायन-कोसाइनच्या बेरजेने मांडणं. लिनिअर अल्जिब्रातल्या आयगेनव्हॅल्यू येत असतील तर उत्तम, कारण चलं वेगळी करणं म्हणजे आयगेनव्हॅल्यू शोधणंच, फक्त मॅट्रिक्सच्या जागी डेरिव्हेटिव्ह. हे दोन पेपर एकाच सेमिस्टरला असूनही दोन्हीकडे कोणी एकमेकांचं नाव काढलं नाही.

आता मेसमधला किस्सा. लाल शेरा मिळाला त्याच आठवड्यात रश्श्याच्या पातेल्यातला डाव उचलताना मला चटका बसला. मावशी हसल्या. ‘जर्मलचा आहे बाबा तो, मधे कशाला धरतोस? तो स्टीलचा घे.’ जर्मल म्हणजे अॅल्युमिनियम. खोलीवर येऊन आकडे घातले. उष्णता पसरायला लागणारा काळ ढोबळमानाने लांबीचा वर्ग भागिले डिफ्युजिव्हिटी (पदार्थातून उष्णता किती झपाट्याने पसरते ते सांगणारी संख्या). अॅल्युमिनियमची डिफ्युजिव्हिटी सेकंदाला सुमारे ९७ वर्ग मिलिमीटर, स्टेनलेस स्टीलची सुमारे ४. तीस सेंटिमीटरच्या डावाला अॅल्युमिनियममध्ये साडेपंधरा मिनिटं, स्टीलमध्ये सव्वासहा तास. मी खूश. मावशींचं म्हणणं गणिताने सिद्ध!

पण मग पुढचा प्रश्न पडला. माझ्या समीकरणाप्रमाणे स्टीलचा डाव सव्वासहा नाही तर वीस तासांनी का होईना, टोकापर्यंत १०० अंशांना यायला हवा. पातेलं दिवसभर उकळत ठेवलं तरी तसं होत नाही, हे मेसमध्ये जेवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. म्हणजे समीकरणातच काहीतरी राहिलं होतं. पुस्तकातल्या सळईच्या बाजू गुंडाळलेल्या असतात, डाव उघडा असतो. हवा त्याची उष्णता वाटेत काढून घेते. त्यासाठी समीकरणात आणखी एक पद घालावं लागतं : खोलीपेक्षा जितका जास्त तापलेला, तितकी जास्त गळती.

ते घातल्यावर चित्र पालटलं. पट्टी एक सेंटिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड, रस्सा १०० अंश, खोली ३० अंश, उघड्या हवेचा गळती-गुणांक १० वॅट प्रति वर्ग मीटर प्रति अंश धरला. उष्णतावाहकता स्टीलची १५, अॅल्युमिनियमची २०० वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली. बराच वेळ गेल्यावर डावाच्या मधोमध अॅल्युमिनियम सुमारे ५४ अंश, आणि स्टील ३१. खोलीपेक्षा जेमतेम एक अंश जास्त! आकडे ढोबळ आहेत, वाफेचा तर मी विचारही केला नाही, पण चटका का बसला हे पहिल्यांदा कळलं. स्टीलमध्ये उष्णता फक्त सावकाश येते असं नाही, ती हातापर्यंत पोचतच नाही, वाटेतच संपते. आधीच्या माझ्या ‘सिद्धतेत’ निष्कर्ष बरोबर होता आणि कारण अर्धवट.

तेव्हापासून प्रत्येक गणितात आकडे आणि एककं घालायची सवय लागली. परीक्षेत याला गुण नाहीत. तरी घाला.

दुसरी सवय, संगणकावर एकदा तरी स्वतःच्या हाताने सोडवणं. पायथन येत असेल तर छान, मला येत नव्हतं, म्हणून मी एक्सेलमध्ये केलं. एका ओळीत ३१ कप्पे, दर सेंटिमीटरला एक. पहिला कप्पा कायम १००, बाकी सगळे ३०. पुढची ओळ म्हणजे पुढचा क्षण, आणि प्रत्येक कप्प्याचं सूत्र वर सांगितलेलं शेजाऱ्यांचं सूत्र. अॅल्युमिनियम घेतलं, दोन ओळींत एक सेकंद अंतर ठेवलं आणि सूत्र खाली ओढलं. पहिल्या सेकंदाला टोकाशेजारचा कप्पा ९८. दुसऱ्या सेकंदाला तोच ३४. तिसऱ्या सेकंदाला १५८, आणि त्याच्या शेजारचा उणे २८! रश्श्यात बुडवलेल्या डावावर बर्फ. विसाव्या ओळीपर्यंत आकडे कप्प्यात मावेनासे झाले आणि एक्सेलने नुसत्या जाळ्या (####) छापल्या.

मी संध्याकाळभर सूत्रात चूक शोधत बसलो. सूत्र बरोबर होतं. डिफ्युजिव्हिटी गुणिले वेळेचं पाऊल भागिले अंतराच्या पावलाचा वर्ग, ही संख्या अर्ध्यापेक्षा जास्त झाली की ही पद्धत बिघडते. माझी ०.९७ होती. वेळेचं पाऊल अर्धा सेकंद केलं आणि आकडे शहाण्यासारखे वागू लागले. पण यात एक मेख आहे. अंतर अर्धं केलंत तर वेळ एक चतुर्थांश करावी लागते. एका मिनिटाचं चित्र हवं असेल तर १२० ओळींच्या जागी ४८०, आणि कप्पे दुप्पट. या जाचातून सुटण्यासाठीच इम्प्लिसिट पद्धती (पुढच्या क्षणाचे सगळे आकडे एकदम सोडवणाऱ्या) आहेत, हे मग न सांगता उमगतं.

शिवाय मॅक्झिमम प्रिन्सिपल नावाचं प्रमेय मी पाठ केलं होतं : आतलं तापमान सुरुवातीच्या आणि टोकांवरच्या कमाल तापमानाच्या वर कधी जात नाही, आणि तसंच किमानाच्या खालीही नाही. ते १५८ आणि उणे २८ बघितल्यावर ते प्रमेय कशाला असतं ते समजलं. उत्तर चुकलंय हे ओळखायला.

फुरिए मालिकेबद्दल एक दिलासा. ‘तुटक फलन सायनच्या बेरजेने कसं बनेल?’ असं वाटून तुम्हाला अस्वस्थ होत असेल तर तुमची संगत मोठी आहे. जोसेफ फुरिएने १८०७मध्ये पॅरिसला आपला उष्णतेवरचा निबंध दिला, तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञाने त्यावर हरकत घेतली होती. पुढे त्याला बक्षीस मिळालं तेही काटेकोरपणाबद्दल कुरकुर करूनच, आणि पुस्तक बाहेर आलं ते १८२२मध्ये. शंका रास्तच होती. चौकोनी लाटेची पन्नास पदं काढून आलेख बघा. उडीच्या जागी एक शिंग उरतं, उडीच्या साधारण ९ टक्के उंचीचं. पदं वाढवली की ते बारीक होतं, बुटकं होत नाही.

पहिल्या ऑर्डरची समीकरणं आणि कॅरॅक्टरिस्टिक्स (ज्या रेषांवरून माहिती पुढे सरकते त्या) हा भाग बहुतेक जण लाग्रांज आणि शार्पीची पद्धत घोकून उरकतात. तो कंटाळवाणा वाटत असेल तर बोरघाटातून जा. १९५५मध्ये लाइटहिल आणि व्हिटॅम यांनी, आणि १९५६मध्ये रिचर्ड्सने स्वतंत्रपणे, रस्त्यावरच्या गाड्यांना प्रवाही द्रवासारखं मानून समीकरण लिहिलं. गाड्या नाहीशा होत नाहीत, एवढाच आधार. एका लेनमध्ये ताशी १५०० गाड्या ६० किलोमीटर वेगाने येतायत असं धरा, म्हणजे किलोमीटरला २५ गाड्या. पुढे ट्रक बंद पडला. थांबलेल्या रांगेत किलोमीटरला १२५ गाड्या, प्रवाह शून्य. रांगेचं शेपूट मागे सरकतं त्याचा वेग म्हणजे प्रवाहातला फरक भागिले घनतेतला फरक : १५०० भागिले १००, ताशी १५ किलोमीटर. दहा मिनिटांत अडीच किलोमीटर रांग! पुण्याला जाताना शिवनेरीत बसून मी हे शेजारच्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण सुटणार कधी?’ त्याचंही उत्तर याच समीकरणात आहे, पण ट्रक कधी हलणार हे माहीत लागतं. पुन्हा टोकाची अट.

परीक्षांचं थोडक्यात. जॅमच्या (आयआयटींतल्या एमएस्सी प्रवेशाच्या परीक्षेच्या) गणिताच्या अभ्यासक्रमात पीडीई नाही, त्यामुळे फक्त जॅमवर डोळा असणारे हा पेपर वाऱ्यावर सोडतात. नेट आणि गेटच्या गणितात मात्र आहे, आणि एमएस्सीला तर सुटका नाही. व्याख्यानं हवी असतील तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर) फुकट मिळतात. एकच मालिका धरा आणि शेवटपर्यंत न्या, मी तीन अर्धवट सोडल्या. याच विषयात पुढे संशोधन करायचं मनात असेल तर बंगळुरूचं टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) सेंटर फॉर अॅप्लिकेबल मॅथेमॅटिक्स हे नाव लक्षात ठेवा.

आणि पहिल्या आठवड्याचा गृहपाठ. तीच एक्सेलची पाटी घ्या, वेळेचं पाऊल अर्धा सेकंद ठेवा, पण आता दोन्ही टोकं बंद करा : काठावरच्या कप्प्यात त्याच्या शेजारच्याचाच आकडा येईल असं सूत्र घाला. सुरुवातीला मधल्या पाच कप्प्यांना १०० द्या, बाकीच्यांना ३०. प्रत्येक ओळीच्या शेवटी बेरीज काढा. ती खालपर्यंत तीच राहायला हवी. माझी राहिली नाही, थोडी थोडी वाढत गेली, आणि या खेपेला ‘उष्णता आली कुठून?’ हे मी मलाच विचारलं. काठावरचे दोन कप्पे नुसत्या नकला होत्या, त्यांच्यात सळई नव्हतीच. मी ते बेरजेत धरले होते.