फ्रेंच पॉपच्या धर्तीवर मराठी अल्बम: शब्द पुढे कसे आणायचे

मिलेन फार्मेर या फ्रेंच गायिकेचा 'आँसी स्वा झ' हा अल्बम एप्रिल १९८८मध्ये आला आणि एकट्या फ्रान्समध्ये दहा लाखांवर खपला. त्याची घडण समजून घेण्याजोगी आहे. गाणी दहा, बहुतेक शब्द तिचे स्वतःचे, आणि एखादं जुनं गाणं सोडलं तर चाली लोराँ बुतोना या एकाच संगीतकाराच्या. वाद्यमेळात सिंथ (सिंथेसायझर) आणि ड्रम मशीनचा भरणा, तरी आवाज त्या सगळ्याच्या पुढे उभा. पहिलंच गाणं म्हणजे बोदलेर या फ्रेंच कवीची कविता. भावगीतावर पोसलेल्या पुणेरी कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही शब्द कळला नाही तर गाणं पडतं.

कवितेपासून सुरुवात करणार असाल तर आधी हक्क तपासा. भारतात कवीच्या निधनानंतरचं वर्ष धरून साठ वर्षं हक्क राहतात. केशवसुत, बालकवी, भा. रा. तांबे मोकळे आहेत. बोरकर १९८४मध्ये गेले, म्हणजे २०४४ संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी लागते. 'आम्ही श्रेय दिलंय की' हे उत्तर चालत नाही.

आठ ते दहा गाणी, एकूण ३५-४० मिनिटं पुरेत. चाल झाली की पट्टी ठरवा, आणि ती गाण्यातल्या सर्वांत वरच्या ओळीवरून ठरवा. ती ओळ सलग पाच वेळा न ताणता आली पाहिजे. चौथ्या वेळी घसा आवळला तर अर्धा सूर खाली या. ट्रॅक बांधून झाल्यावर पट्टी बदलणं म्हणजे वाद्यं पुन्हा वाजवणं. हार्मोनिअम घेणार असाल तर तिचा सूर आधी ट्यूनरवर बघा. ती ४४० हर्ट्झच्या थोडी वर असेल तर सिंथ तिच्याशी जुळवा. पेटीचे स्वर घासत बसण्यापेक्षा ते सोपं. पावसाळ्यात दमट हवेनं तबल्या-ढोलकीची कातडी सैलावते आणि तासाभरात सूर उतरतो, म्हणून दर दोन टेकनंतर तपासा.

आवाजासाठी दहा बाय बाराची बेडरूम चालते. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभं राहा, समोर माइकमागे दोरीवर दुहेरी गोधडी टांगा. यानं खोलीतला घुमारा मरतो, बाहेरचा आवाज अडत नाही. हा फरक न कळल्यानं बरेच जण भिंतभर फोम चिकटवतात आणि सोसायटीचा पाण्याचा पंप तरी ऐकूच येतो. ८० हर्ट्झची ध्वनिलहर सव्वाचार मीटरहून जरा लांब असते, तिला गोधडीचं काय! त्यामुळे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी आवाज घेऊ नका. दुपारी दीड ते चार ही वेळ पुण्यात उत्तम, का ते सांगायला नको. पंखा बंद करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका.

आता माइक. फ्रेंचमधले प, त, क हवा न सोडता उच्चारले जातात, म्हणून तिथली गायिका माइकच्या अगदी जवळ कुजबुजली तरी फारसं बिघडत नाही. मराठीत फ, भ, ख, ध आहेत. 'भरून', 'फुलं' म्हणताना हवेचा झोत थेट माइकच्या आतल्या पडद्यावर बसतो आणि 'धप्' असा ठोका उमटतो, जो मिक्समध्ये नीट काढता येत नाही. म्हणून अंतर १५ ते २० सेंटीमीटर ठेवा, पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) माइकपासून पाचसात सेंटीमीटरवर, आणि माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखलेला. चमच्यातला पहिला 'च' आणि चिमणीतला 'च' वेगळे वाजतात. चमच्यातला जास्त टोचतो, तिथे डी-एसर (टोचणारे 'स', 'च' दाबणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हलकाच लावा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठ्या सुराला पातळी उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याला भिडवू नका. गाताना स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटलं तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज किती मोठ्या तुकड्यांत हाताळायचा ते ठरवणारा आकडा) १२८ किंवा ६४वर आणा. एका गाण्याचे पाच-सहा टेक घ्या, मग ओळीओळीनं निवडा. श्वास कापू नका, सहा डेसिबलनं खाली आणा; कापलेला श्वास कानाला लगेच कळतो आणि गाणं निर्जीव होतं.

धृपदात आवाजाचे थर हवेत तर तेच पुन्हा दोनदा गाऊन डावी-उजवीकडे टाका. एकाच टेकची नक्कल करून उपयोग नाही, नुसता आवाज वाढतो. थर गाताना शेवटचे 'त', 'ट', 'स' गिळा. ते फक्त मुख्य आवाजानं म्हणावेत. नाहीतर 'वाट' हा शब्द 'वाटटट' होतो.

मिक्स आवाजापासून सुरू करा. ८० हर्ट्झच्या खालचं कापा, ३:१ कॉम्प्रेशन (मोठे सूर दाबून चढ-उतार कमी करणं), आणि रिव्हर्बला ३०-४० मिलिसेकंद प्री-डिले, म्हणजे आधी शब्द पोचतो, मग त्याचा घुमारा. सिंथ आणि गिटार यांतून २ ते ४ किलोहर्ट्झ दोन-तीन डेसिबल कमी करा, शब्दाला जागा तिथेच मिळते. मग ज्यानं गीत वाचलेलं नाही अशा कुणाला तरी मोबाइलच्या स्पीकरवर, हळू आवाजात ऐकवा आणि कागदावर शब्द लिहायला सांगा. जिथे चुकेल तिथे आधी आवाज एक-दोन डेसिबल वर घ्या. तरी कळलं नाही तर ती ओळ पुन्हा गा. दोष उच्चारात असतो, मशीनमध्ये नाही.

स्ट्रीमिंगसाठी गाण्याची सरासरी पातळी सुमारे उणे १४ लफ्स (LUFS, ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक), शिखर उणे १ डेसिबल. अल्बमआधी एक गाणं सोडा. फार्मेरचंही 'सां काँत्रफासाँ' हे गाणं आदल्या वर्षीच बाजारात आलं होतं. आणि हे पहिलं गाणं सोडायच्या आत कवी, संगीतकार, गायक यांचा वाटा किती टक्के ते एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या, मैत्री कितीही जुनी असली तरी.