पर्यटनात इको-लेबल घेताय? आधी या चुका टाळा

कोकणात आणि गोव्यात ‘इको’ लिहिलेल्या पाट्यांना तोटा नाही. नारळाच्या झावळ्यांचं छप्पर आणि दारात मातीचे माठ एवढ्यावर इको-रिसॉर्ट तयार होतं. इको-लेबल, म्हणजे पर्यावरण जपत असल्याचं प्रमाणपत्र, देण्याआधी तपासायला येणारा ऑडिटर मात्र छप्पर पाहून झाल्यावर वही मागतो. पाणी किती उपसलं, वीज किती जळली, कचरा कुणी नेला, पगार कसा दिला, हे तो विचारतो. बहुतेक अर्ज अडतात ते या वहीपाशी.

लेबलामागे कोण आहे, हे न पाहता पैसे भरणं

फॉर्म भरा, फी भरा, आठवड्यात लोगो घ्या, अशा योजनांचे ईमेल मालकांना सतत येतात. पैसे देण्याआधी पाच गोष्टी पाहा. निकष वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येतात का? जागेवर येऊन तपासणी होते का? प्रमाणपत्रावर क्रमांक आणि मुदत असते का? प्रमाणित व्यवसायांची यादी जाहीर आहे का? आणि तयारी करून घेणारा सल्लागार व तपासणारा ऑडिटर वेगवेगळे आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही आम्हीच करतो’ असं आलं, तर फोन ठेवा.

सर्वात जास्त घोळ जीएसटीसी, म्हणजे जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेच्या नावावर होतो. ही संस्था हॉटेलांना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. एखाद्या योजनेचे निकष आपल्या निकषांशी जुळतात असं तिने म्हटलं, तर ते ‘मान्यताप्राप्त मानक’. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची तपासणीची पद्धतही तिच्या वतीने पारखली गेली असेल, तर ती ‘अधिस्वीकृत संस्था’. या दोन्हींत मोठं अंतर आहे. पहिल्यात निकष चांगले आहेत एवढंच कळतं, तपासणी कशी होते ते कळत नाही. नुसतं सदस्यत्व म्हणजे तर वर्गणी भरल्याची पावती.

आयएसओचंही तसंच. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था मानकं लिहिते, प्रमाणपत्रं वाटत नाही. १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाच्या पद्धतीचं मानक आहे, ते मिळालं म्हणजे पाणी कमी वापरता असं सिद्ध होत नाही. निवासव्यवस्थेसाठी वेगळं २१४०१ आहे, ते २०१८ मध्ये आलं.

दुसऱ्याचं लेबल आपल्या पाटीवर

इमारतीला ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग मिळालं की हॉटेल ‘प्रमाणित शाश्वत’ म्हणवून घेतं. यातली बरीचशी रेटिंग आराखडा आणि बांधकामाची असतात. आत रोज काय चालतं, हे त्यांत येत नाही.

ब्लू फ्लॅग हे किनाऱ्याचं लेबल आहे, शेजारच्या रिसॉर्टचं नाही. ते एका हंगामापुरतं मिळतं आणि दरवर्षी पुन्हा मिळवावं लागतं. निकष ३३ आहेत. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळालं, त्यात महाराष्ट्र-गोव्याचा एकही नव्हता, जरी भोगवे आणि मिरामार सुरुवातीच्या निवडीत होते. मिळालेला झेंडा उतरूही शकतो: २०२५ च्या सुरुवातीला विशाखापट्टणमच्या ऋषिकोंडा किनाऱ्याचा देखभालीच्या तक्रारींवरून तात्पुरता काढून घेतला गेला आणि सुधारणा केल्यावर परत मिळाला. त्या काळात ‘आमचा ब्लू फ्लॅग बीच’ असं छापलेली पत्रकं वाटणाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

ग्रामपंचायत किंवा किनारा समितीने अर्ज केला असेल, तर घसरण्याची नेहमीची जागा म्हणजे पाण्याचे नमुने. हंगामात किमान पाच हवेत आणि दोन नमुन्यांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. सांडपाणी मिसळल्याची खूण असलेल्या जिवाणूंची मर्यादा १०० मिलिलिटरला अशी: ई. कोलाय २५० आणि आतड्यातले एन्टेरोकोकाय १००. समुद्र निवळ दिसेल त्या दिवशी, ओढ्याच्या तोंडापासून लांब जाऊन घेतलेला नमुना कागदावर छान दिसतो, पण आंघोळीची गर्दी जिथे असते आणि सांडपाणी जिथे मिळतं, तिथेच नमुना घेणं अपेक्षित आहे.

कायद्याचे कागद नंतर बघू म्हणणं

कुठल्याही गंभीर योजनेची पहिली अट म्हणजे स्थानिक कायद्यांचं पालन. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी, अन्न परवाना, अग्निशमन दाखला, कामगारांची हजेरी आणि पगारपत्रक एका फाइलमध्ये हवं. स्वयंपाकघरात १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर दिसला, तरी तपासणी तिथेच अडखळते. व्यवसायासाठी व्यावसायिक सिलिंडरच लागतो, बहुधा १९ किलोचा.

जांभ्याच्या जमिनीत एक खास पंचाईत असते. हा दगड सच्छिद्र, त्यामुळे शोषखड्ड्यातलं पाणी झपाट्याने खाली जातं आणि मालकाला वाटतं, व्यवस्था उत्तम चालली आहे. ते पाणी जातं उताराच्या दिशेला, बऱ्याचदा स्वतःच्याच विहिरीकडे. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही असता कामा नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मे महिन्यात, अशी दोनदा तपासणी करून घ्या आणि अहवाल फाइलला लावा.

आकडे आहेत, पण तुलना चुकीची

बहुतेक योजनांत वीज आणि पाणी दर ‘पाहुणे-रात्री’मागे मोजतात. चार पाहुणे तीन रात्री राहिले, तर १२ पाहुणे-रात्री. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. गोंधळ पुढे होतो.

समजा, १२ खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये मे महिन्यात ६०० पाहुणे-रात्री झाल्या आणि ३,६०० युनिट जळले: पाहुणे-रात्रीमागे ६ युनिट. जुलैत ९० पाहुणे-रात्री आणि १,३५० युनिट: १५. मालक घाबरतो, आणि तपासणीत कारण विचारलं की ‘पावसाळा’ एवढंच सांगतो. खरं कारण असं, की फ्रीझर, पंप, आवारातले दिवे रिकाम्या दिवशीही चालतात. पाहुणा नसलेल्या दिवशी सकाळी सातला मीटर वाचा, दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा वाचा. फरक ३० युनिट आला, तर ३१ दिवसांचा पायाभूत वापर ९३०. तो वजा केला की मे येतो साधारण ४.५ आणि जुलै ४.७. म्हणजे पाहुण्यांमागचा वापर जवळजवळ तेवढाच. बचत शोधायची तर त्या ९३० युनिटांत. रबर सैल झालेला फ्रीझरचा दरवाजा हा तिथला पहिला संशयित.

मे महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या मे महिन्याशीच करा. त्यासाठी अर्जाआधी पूर्ण १२ महिन्यांची नोंद हवी. दिवाळीला ठरवून नाताळात लोगो लावायचा बेत इथेच कोसळतो.

विहिरीच्या पाण्याला मीटर नसतो आणि वहीत ‘अंदाजे’ लिहिलेलं असतं. पंपाच्या बाहेर येणाऱ्या नळीवर मीटर बसवा. तोवर एक हजार लिटरची रिकामी टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते मोजा आणि पंप रोज किती वेळ चालला ते लिहा. मात्र उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की पंपाचा प्रवाह घटतो, म्हणून ही मोजणी दर महिन्याला पुन्हा करावी लागते.

शॉवर बदलले, तक्रारी वाढल्या

ग्रीन की या लेबलात शॉवरचा प्रवाह मिनिटाला ९ लिटरपेक्षा जास्त नसावा अशी अपेक्षा असते. मोजणं सोपं आहे: दहा सेकंद बादलीत पाणी धरा, मापाने मोजा, सहाने गुणा. अडीच लिटर आलं तर १५.

मग मालक सगळीकडे पाणी वाचवणारे शॉवर बसवतो आणि वरच्या मजल्यावरून फोन सुरू होतात. हे शॉवर बहुधा जास्त दाबासाठी बनवलेले असतात, आणि टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.३ बार. धार केसांवरचा साबणही काढत नाही. कर्मचारी गुपचूप जुना शॉवर परत लावतात, आणि ऑडिटर नेमका त्याच खोलीत बादली घेऊन जातो. आधी प्रत्येक खोलीतला प्रवाह मोजा. वरच्या मजल्यावर तो मुळातच सात-आठ लिटर असेल, तर तिथे हात लावू नका. खालच्या खोल्यांत प्रवाह अडवणारी चकती बसवा. बोअरच्या पाण्यात लोह किंवा क्षार असतील, तर जाळी महिन्याभरात तुंबते. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की मोकळी होते.

धोरण इंग्रजीत, काम करणारे ओडिया बोलणारे

‘टॉवेल पुन्हा वापरायचा असेल तर दांडीवर ठेवा’ अशी कार्डं छापली जातात, आणि हाउसकीपिंग दांडीवरचे टॉवेलही रोज बदलतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ऑडिटर मालकापेक्षा खोली आवरणाऱ्या मावशींशी जास्त बोलतो. सूचना त्यांच्या भाषेत सांगा, शक्यतो चित्रांसह, आणि प्रशिक्षणाच्या तारखेसह सह्या घ्या. ऑडिटर मागच्या अंगणातही जातो. तिथे प्लास्टिक जाळल्याची राख असेल, तर पुढच्या दारातले तीन रंगांचे डबे कामाचे नाहीत. भंगारवाल्याकडून साध्या चिठ्ठीवर का होईना, तारीख आणि वजन लिहून घ्या.

‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द मोकळा सोडणं

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. युरोपातून पाहुणे आणणाऱ्या गोव्यातल्या व्यावसायिकांनी आणखी एक तारीख लिहून ठेवावी: २७ सप्टेंबर २०२६ पासून युरोपीय संघात प्रमाणन योजनेचा किंवा सरकारी यंत्रणेचा आधार नसलेली शाश्वततेची लेबलं वापरता येणार नाहीत. बुकिंग डॉट कॉमने स्वतःचा ‘ट्रॅव्हल सस्टेनेबल’ बिल्ला २०२४ मध्ये डच नियामकाच्या आक्षेपानंतर काढला, आता तिथे बाहेरच्या संस्थांची प्रमाणपत्रं दाखवतात.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला लोगो बहुधा ओळखू येत नाही. त्याला वाक्य द्या: ‘खोलीत काचेच्या बाटलीत गाळलेलं पाणी मिळेल, प्लास्टिकची बाटली मिळणार नाही.’ खाली लेबलाचं नाव, क्रमांक आणि मुदत.

मुदत संपली की लोगो सगळीकडून उतरवावा लागतो, आणि तो कुठेतरी राहतोच: जुन्या मेनूकार्डावर, बुकिंग साइटवर, महामार्गावरच्या फलकावर. लोगो जिथे जिथे लावला, त्या जागांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. नूतनीकरणाची तयारी सहा महिने आधी सुरू करा, आणि मागच्या अहवालातल्या प्रत्येक त्रुटीपुढे कारण, केलेली दुरुस्ती, तारीख, जबाबदार माणूस आणि फोटो लावा. ‘दुरुस्त केले’ एवढ्या दोन शब्दांवर ती त्रुटी पुढच्या वर्षी पुन्हा उघडली जाते.