इलेक्ट्रॉनिक ड्रम किट बदलावे की नाही, हे कसे ठरवावे?

आधी कागदावर लिहा: सध्याच्या किटवर नेमके काय वाजवता येत नाही? ‘मजा येत नाही’ हे उत्तर चालणार नाही. ‘स्नेअरवर हलक्या घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येणारे ठोके) उमटत नाहीत’ असे बोट ठेवता येईल असे काहीतरी हवे.

मग मॉड्यूलच्या, म्हणजे पॅडवरचा ठोका ओळखून आवाज काढणाऱ्या डब्याच्या, ट्रिगर सेटिंगमध्ये जा. ही पायरी फुकटची आहे, तरी बहुतेक जण तीच गाळतात. हलके ठोके गायब होत असतील तर थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका मोजला जाण्यासाठी लागणारा किमान जोर, कमी करा. एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर रीट्रिगर कॅन्सल वाढवा. टॉम वाजवताना शेजारची सिम्बल आपोआप वाजत असेल तर क्रॉसटॉक पाहा. मेश (जाळीदार) पॅडखालचा फोमचा शंकू दबला असेल तर तेवढाच बदला. अर्ध्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

मॉड्यूलच्या आवाजांचा कंटाळा आला, हे किट बदलण्याचे कारण मी मानत नाही. यूएसबी केबलने किट संगणकाला जोडा आणि ड्रमचे सॉफ्टवेअर वाजवा. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे देतो तो आवाजाचा तुकडा, लहान ठेवा. तो जितका मोठा, तितका आवाज उशिरा येतो: ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे जवळपास १२. बाकीच्या साखळीचा उशीर त्यात मिळवला की ५१२ वर हाताला अडखळल्यासारखे होते.

सॉफ्टवेअरला मात्र मर्यादा आहे. मॉड्यूल जे पाठवते, तेवढेच त्याला कळते. ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत जातो, ते ठीक. पण हाय-हॅटचे पेडल फक्त ‘उघडी’ आणि ‘बंद’ एवढेच सांगत असेल, तर मधल्या छटा कुठलेही सॉफ्टवेअर आणू शकत नाही. स्नेअर एकाच झोनचा असेल, म्हणजे मधला भाग आणि कड वेगळे ओळखत नसेल, तर रिमशॉटचेही (मधला भाग आणि कड एकदम वाजवण्याचेही) तसेच. खर्च करायचा तो इथे.

तोही आधी सुट्या भागावर. मॉड्यूलचे इनपुट दोन झोनचा पॅड ओळखते का, हे माहितीपुस्तिकेत पाहा. एका कंपनीचा पॅड दुसरीच्या मॉड्यूलवर पूर्ण चालेलच असे नाही. रिम (पॅडची कड) आणि बेल (सिम्बलच्या मधला उंचवटा) अनेकदा रुसतात. मॉड्यूलच ओळखत नसेल, इनपुटही उरले नसतील, तर अख्खे किट बदलण्यात अर्थ आहे.

फक्त ‘मेश’ या शब्दावर भाळू नका. रोलँड कंपनीने १९९७ मध्ये टीडी-१० या मॉड्यूलसोबत मेश आणले तेव्हा ती चैन होती. आता सुरुवातीच्या किटवरही ते मिळते. आणि खालच्या मजल्यावरची तक्रार किकच्या हादऱ्याची असेल तर नवे किट ती मिटवणार नाही, किटखाली हादरा शोषणारे काहीतरी घालावे लागेल.

दुकानात जाताना स्वतःचे हेडफोन न्या. जोरात वाजवले की सगळीच किट छान वाटतात. म्हणून स्नेअरवर अगदी हलका रोल सुरू करून सावकाश वाढवा, हाय-हॅट वाजवता वाजवता पाय हळूहळू उचला, क्रॅश वाजवून तिची कड धरा. आवाज लगेच थांबला पाहिजे.