कोशुथ वाचायला घेताय? आधी सन बघा

व्हिएन्ना काँग्रेस, ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख, १८४८च्या युरोपभरच्या क्रांत्या हे सगळं एम.ए.ला घोटून झालं असेल आणि आता प्रबंधासाठी 'युरोपातली राष्ट्रं आणि सत्तेची वाटणी' असा काही विषय डोक्यात असेल, तर चार गोष्टी सांगतो. विषय सुंदर आहे, पण माणसाला पिळून काढतो.

आपल्याकडं सुरुवात बहुधा मॅझिनीपासून होते. सावरकरांचा १९०७चा मराठी 'मॅझिनी' कुणाच्या तरी कपाटात असतोच. पण आपण त्याला इटलीचा क्रांतिकारक म्हणूनच वाचतो. १८३४ साली बर्नमध्ये इटालियन, जर्मन, पोलिश निर्वासितांना एकत्र आणून 'यंग युरोप' ही संघटना काढणारा मॅझिनी बाजूलाच राहतो.

मला खरा घाम फोडला तो लायोश कोशुथनं, म्हणजे ऑस्ट्रियाच्या साम्राज्याविरुद्ध उठलेल्या हंगेरीच्या पुढाऱ्यानं. 'कोशुथचं संघराज्याविषयी मत काय?' हा प्रश्नच घातक आहे, कारण उत्तर सनागणिक बदलतं. १८४८ मध्ये सत्ता हातात होती, तेव्हा हंगेरीत राजकीय राष्ट्र एकच, मग्यारांचं, म्हणजे हंगेरियन बोलणाऱ्यांचं. सर्ब, क्रोएट, रुमानियन यांच्या मागण्या धुडकावल्या आणि त्यांच्याशीच लढाया झाल्या. २८ जुलै १८४९ला सेगेद शहरात बसलेल्या हंगेरियन संसदेनं अल्पसंख्य राष्ट्रांना भाषेचे हक्क देणारा कायदा केला, पण तोवर ऑस्ट्रियाच्या मदतीला रशियन फौजा देशात घुसल्या होत्या. १३ ऑगस्टला हंगेरियन सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली. आणि १८६२ मध्ये, इटलीत निर्वासित असताना, हाच माणूस डॅन्यूब संघराज्याची योजना मांडतो: संरक्षण, परराष्ट्र धोरण, जकात सामाईक, आणि संघाची बैठक पाळीपाळीनं पेस्ट, बुखारेस्ट, झाग्रेब, बेलग्रेडला!

तीनपैकी एकच उतारा उचललात तर व्हायव्हात सोलून निघाल. म्हणून तक्ता करा. डावीकडं सन, मधे मजकूर, उजवीकडं लिहिताना लेखक कुठं होता: मंत्रिमंडळात, तुरुंगात की परदेशात. चेक इतिहासकार आणि पुढारी पालात्स्कीलाही हीच फूटपट्टी लावा. १८४८ला छोट्या राष्ट्रांच्या संरक्षणासाठी ऑस्ट्रिया हवाच म्हणणारा तो, १८६५ला 'ऑस्ट्रियाच्या आधी आम्ही होतो, नंतरही असू' म्हणतो. म्हणून त्यांना ढोंगी ठरवायची घाई मात्र नको. हरल्यावर सुचलेलं सगळं खोटंच असतं असं नाही.

फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूधाँ नंतर घ्या. सगळे जहाल इटलीच्या एकीकरणावर टाळ्या वाजवत असताना तो विरोधात होता. १८६३चं त्याचं संघराज्यावरचं पुस्तक आधी हातात घेतलंत तर डोकं गरगरेल.

प्रत्यक्षात सत्ता वाटली गेली ती १८६७च्या तडजोडीत, व्हिएन्ना आणि हंगेरी यांच्यात. दोन्ही संसदांची साठ-साठ जणांची शिष्टमंडळं वेगवेगळी बसत आणि एकमेकांना लेखी निरोप धाडत. मतभेद मिटलाच नाही तर एकत्र येऊन मतदान, तेही चर्चेविना. स्लाव्ह मंडळींना त्यात बरोबरीची जागा नव्हतीच.

गाईड युरोपचा तज्ज्ञ नसला तरी बिघडत नाही. प्रकरण वाचून वेळेत परत देणारा हवा. नावाजलेल्या नावामागं धावून वर्षं घालवलेले मी पाहिलेत. आणि तयार नोट्सना हात लावू नका, त्यात सन गाळलेले असतात.

हंगेरियन येत नाही म्हणून घाबरू नका. कोशुथ तुरुंगात इंग्रजी शिकला होता, १८५१-५२च्या इंग्लंड-अमेरिका दौऱ्यातली त्याची भाषणं इंग्रजीतच आहेत. तिथून सुरुवात करा. फक्त उजव्या रकान्यात 'निर्वासित, पैसा आणि पाठिंबा मागतोय' एवढं लिहून ठेवा.