‘एक्स-फाइल्स’ची उजळणी: नव्या अवताराआधी गावातल्या मंडळींना तयार कसं करावं

‘एक्स-फाइल्स’ ही गूढ प्रकरणांच्या तपासाची अमेरिकन टीव्ही मालिका. दिग्दर्शक रायन कूगलर तिचा नवा अवतार घडवत आहेत हे कळल्यापासून जुन्या चाहत्यांच्या गप्पांना पुन्हा जोर आला आहे. मोठ्या पडद्यावर मल्डर-स्कली, म्हणजे परग्रहवासींवर विश्वास ठेवणारा एफबीआयचा तपास अधिकारी आणि त्याची शंका घेणारी डॉक्टर जोडीदार, परत दिसतील का, हाही विषय निघतोच. पण गावात अशा चर्चेत एकटा-दुकटाच चाहता असतो. बाकी घर, शेजार, मित्र कोरे असतात. त्यांना सोबत घ्यायचं तर आधी ठरवा की काय दाखवायचं नाही.

मूळ मालिका 10 सप्टेंबर 1993 ला सुरू झाली, 2002 मध्ये नवव्या सीझनला थांबली, मग 2016 आणि 2018 मध्ये थोडी परतली. सगळे मिळून 218 भाग. पहिल्यापासून ओळीनं लावायला घेतलं, तर कापूस वेचणी सुरू होईपर्यंत तुमच्यासोबत कोणी उरणार नाही. नव्या माणसाला पंधरा-सोळा भाग पुरतात, फक्त ते दोन वाटांनी निवडा.

दोन वाटा का, ते आधीच्या दोन सिनेमांवरून कळतं. 1998 चा सिनेमा पाचव्या आणि सहाव्या सीझनच्या मधला. परग्रहवासी, सरकारी कटकारस्थान, काळं तेल, सगळं मालिकेतून आलेलं. मागचं न पाहिलेला माणूस त्यात अर्धा वेळ चाचपडतो. 2008 चा सिनेमा बरोबर उलटा: बर्फातला तपास, बेपत्ता बाई, दृष्टांत होतात म्हणणारा कलंकित पाद्री, परग्रहवासी नाहीतच. सहा वर्षं वाट पाहिलेले कित्येक चाहते त्यावर नाराज झाले, कारण ते आभाळाकडे बघत बसले होते आणि गोष्ट जमिनीवर होती. त्यात तो ‘द डार्क नाइट’च्या पाठोपाठ आठवड्याभरात लागला. आमच्या मते तो सिनेमा म्हणतात तेवढा वाईट नाही. पण तो समजायला वेगळी तयारी लागते.

पहिली वाट, कटाची. सीझन 1 मधले ‘पायलट’, ‘डीप थ्रोट’ आणि शेवटचा ‘द अर्लनमायर फ्लास्क’. सीझन 2 मधले ‘ड्वेन बॅरी’ व ‘असेन्शन’ लागोपाठ. मग ‘अनासाझी’ आणि सीझन 3 चे पहिले दोन, ‘द ब्लेसिंग वे’ व ‘पेपर क्लिप’. हे तिन्ही एकाच बैठकीत बघा. प्रत्येकी पाऊण तास धरला तर सव्वादोन तास होतात. ‘अनासाझी’ जिथे तुटतो तिथे मंडळी घरी गेली, तर आठवड्यानं निम्म्यांना धागा आठवत नाही. पुढे सीझन 4 मधला ‘मेमेंटो मोरी’, पाचव्याचा शेवटचा ‘द एंड’, आणि मग 1998 चा सिनेमा.

दुसरी वाट, एकेका भागात संपणाऱ्या गोष्टींची. ‘स्क्वीझ’ (दर तीस वर्षांनी जागा होऊन माणसांची यकृतं खाणारा), ‘आइस’, ‘बियाँड द सी’, ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोझ’, ‘बॅड ब्लड’. यातला ‘बियाँड द सी’ चुकवू नका. वडील नुकतेच गेलेली स्कली आणि मृतांशी बोलतो म्हणणारा फाशीचा कैदी, हे ज्यानं पाहिलं त्याला 2008 चा पाद्री आणि स्कली यांच्यातला ताण लगेच कळतो. त्या सिनेमाच्या आधी नवव्या सीझनमधला ‘विल्यम’ही दाखवा, नाहीतर स्कलीच्या लेकराचा उल्लेख येतो तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात. चौथ्या सीझनमधला ‘होम’ मात्र पोरांसमोर, जेवणाच्या आसपास किंवा आजीच्या सोबतीनं लावू नका. तो फार क्रूर आहे.

सुरुवात ‘पायलट’नंच करा. त्यात स्कलीला पाठीवर खुणा दिसतात, ती घाबरून मल्डरकडे धावते आणि तो सांगतो की डास चावलेत. या एका प्रसंगात दोघांचं नातं, भीती आणि शंका तिन्ही बसतात, आणि डासांनी हैराण झालेल्या घरात तो लगेच पोचतो. शिवाय त्यात रस्त्यावर दोघांची नऊ मिनिटं हरवतात. चकवा लागून रात्रभर एकाच शेताभोवती फिरल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पाटी, म्हणजे पडद्यावर खाली येणारं सबटायटल, कशी लिहायची. खरी अडचण भाषेची. संवाद भराभर येतात आणि त्यात डॉक्टरी, पोलिसी शब्द भरपूर. मराठी सबटायटल स्वतः बनवलेली बरी. एक भाग नीट करायला दोन-तीन संध्याकाळी धरा. इंग्रजी एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली साधी फाइल) नोटपॅडमध्ये उघडा, वेळेच्या ओळींना हात न लावता खालचा मजकूर मराठीत लिहा आणि जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. ते विसरलात तर पडद्यावर प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन येतील. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण 35 ते 40 अक्षरं. ओळ एक सेकंदापेक्षा कमी राहिली तर ती कोणी वाचत नाही. म्हणून शब्दाला शब्द लावू नका, वाक्य छाटा. शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल पाटीवर नको, ‘रक्तात विष सापडलं नाही’ एवढं बास.

मल्डर-स्कलीला साधी मराठी द्या. अमेरिकेच्या खेड्यातला शेतकरी, पेट्रोलपंपवाला, शेरीफचा शिपाई यांना खुशाल वऱ्हाडीत बोलू द्या: ‘मले काईच दिसलं नाई जी, पण कुत्रे भुकत होते.’ हसू येतं, पण पात्रही लक्षात राहतं. कटवाल्या भागांत मात्र हा प्रयोग नको, तिथे आधीच गुंता आहे.

फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावताना नाव व्हिडिओसारखंच ठेवा. जोडाक्षरं फुटत असतील तर सेटिंगमध्ये फाँट नोटो सान्स देवनागरी करा. काही टीव्ही पेनड्राइव्हवरची देवनागरी दाखवतच नाहीत. मग लॅपटॉप एचडीएमआय वायरनं जोडणं हाच सोपा उपाय.

पाटी सगळीकडे सारखीच मागे-पुढे असेल तर जी आणि एच या कळांनी सरकवा. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटी जवळपास पावणेदोन-दोन मिनिटं उशिरा येत असेल, तर सरकवून फायदा नाही. तुमची डिव्हिडी पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला 25 चित्रांची, आणि पाटी 23.976 ची आहे. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट 23.976 वरून 25 करा, पूर्ण भाग जागेवर येतो. मधला आणि शेवटचा संवाद आदल्या दिवशीच तपासून ठेवा.

उजेड, आवाज, लाइन. ही मालिका अंधारात टॉर्चच्या झोतावर चालते, त्यामुळे प्रोजेक्टर लावायची घाई नको. मे महिन्यात साडेसातच्या आधी अंगणात पडद्यावर काही दिसत नाही, आणि पूर्ण काळोख पडल्यावरही स्वस्त प्रोजेक्टरवर निम्मे प्रसंग काळा डाग होतात. दहा-पंधरा माणसांसाठी 43 इंची टीव्ही सपरीत लावणं कधीही चांगलं. प्रोजेक्टरच हवा असेल तर चादर दुहेरी करून ताणा, मागे काळी ताडपत्री बांधा आणि रस्त्याच्या दिव्याकडे पडद्याची पाठ करा. सुरुवातीच्या सीझनच्या डिव्हिडीचं चित्र चौकोनी, 4:3 असतं. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्र ताणलं की स्कलीचा चेहरा फुगतो.

टीव्हीच्या मागच्या बारीक स्पीकरमधून कुजबुज ऐकू येत नाही, आणि भीती तर त्या कुजबुजीतच आहे. साधे दोन बाहेरचे स्पीकर लावा. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं, तेव्हा टीव्ही स्टॅबिलायझरवर ठेवा. इन्व्हर्टरचा हिशोब असा: 150 एएच, 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास, वापरायला हजार-अकराशे धरा. टीव्ही आणि स्पीकर मिळून 140 वॅट घेतले, तर सात तासांच्या आसपास निघतात. 300 वॅटच्या प्रोजेक्टरला साडेतीन तास, म्हणजे ‘अनासाझी’ची तिहेरी बैठक निभते. बॅटरी जुनी असेल तर याच्या निम्मेच धरा. स्पीकर घुमत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा, साइन वेव्हवर तो आवाज जातो.

हे सगळं घरच्या आणि ओळखीच्या माणसांपुरतं ठेवा. चौकात मांडव टाकून, तिकीट लावून दाखवायचं तर हक्कधारकांची परवानगी लागते.

बैठकीची रीत. एका संध्याकाळी दोनच भाग, तिहेरी बैठक सोडून. पुढचं माहीत असलेल्यानं तोंड मिटून बसायचं. हे जमत नसेल तर त्याला चहाचं काम द्या. भाग संपल्यावर अर्धी मंडळी मल्डरच्या बाजूनं, अर्धी स्कलीच्या बाजूनं बोलू द्या. सरावाला आपल्याच भागातलं प्रकरण घ्या. 2 एप्रिल 2022 ला संध्याकाळी आभाळातून जळते झोत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. त्या रात्री लोकांनी काय काय म्हटलं असेल ते मल्डरवाल्यांनी मांडावं. कडं कशाचं, त्याची वाट कोणत्या दिशेनं, आसपास अजून काय पडलं, हे स्कलीवाल्यांनी विचारावं. ते रॉकेटचे अवशेष मानले गेले, पण हे शेवटी सांगा. लोणारचं विवरही असंच वापरता येतं.

सिनेमा आलाच, तर तालुक्याच्या गावात तो लागेल या भरवशावर राहू नका. असे इंग्रजी सिनेमे बहुतेक नागपूर-अमरावतीपर्यंतच येतात, आणि तिथेही पहिल्या आठवड्यानंतर खेळ कमी होतात. हिंदी डबिंग आहे की इंग्रजी, हे तिकीट काढतानाच बघा. परतीची शेवटची बस आधी विचारा आणि दुपारचा खेळ घ्या, कारण रात्रीचा संपेपर्यंत गावाकडची एसटी निघून गेलेली असते.