गाडीच्या काचेवरील फिल्मची निगा

गाडी धुताना काचेच्या बाहेरच्या बाजूची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी आतल्या बाजूची घेतली जात नाही. फिल्म मात्र आतूनच लावलेली असते, आणि ती काच नसून पॉलिएस्टरचा पातळ थर असल्यामुळे काचेला चालणाऱ्या कित्येक गोष्टी तिला चालत नाहीत.

काचेवर फिल्म आहे की रंग काचेतच आहे, हे आधी पाहावे. काच अर्धी खाली घेऊन आतल्या बाजूने वरच्या कडेजवळ नख फिरवल्यास फिल्मची कड बारीक पायरीसारखी नखाला लागते. तशी कड लागली नाही आणि काचेच्या जाडीतही हिरवट छटा दिसली, तर तो रंग कारखान्यातच काचेत मिसळलेला असतो. अशी काच साध्या काचेप्रमाणे पुसता येते.

नवी फिल्म बसवल्यावर निदान चार-पाच दिवस, आणि पावसाळ्यात त्याहूनही अधिक काळ, काच खाली करू नये. घरातील सर्वांच्या लक्षात राहावे म्हणून खिडक्यांच्या बटणांवर चिकटपट्टी लावणे उत्तम. या काळात दिसणारा दुधी धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे हे आत अडकलेल्या ओलाव्याचे असतात व तो सुकला की जातात, म्हणून त्यांना टाचणी लावू नये.

घरगुती काच-क्लीनरपैकी ज्यात अमोनिया आहे तो फिल्मसाठी वापरू नये, कारण त्याने फिल्म खराब होते. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब पुरेसे होतात. हे पाणी काचेवर न फवारता मायक्रोफायबर कापडावर घ्यावे, म्हणजे ते फिल्मच्या कडेखाली शिरत नाही. गाडी सावलीत असावी आणि शेवटी दुसऱ्या कोरड्या कापडाने काच टिपून घ्यावी. वर्तमानपत्राने काच लखलखीत होते ही आपली जुनी सवय असली, तरी फिल्मवर ती सोडावी. भांड्यांची घासणी तर तिच्या जवळही नेऊ नये.

फिल्मचे सर्वाधिक नुकसान पुसण्याने नव्हे, तर दाराच्या रबरात साचलेल्या कचामुळे होते, असे माझे मत आहे. तारकर्लीच्या किनाऱ्यावरून परतल्यावर माझ्या चालकाच्या बाजूच्या काचेवर केसासारख्या उभ्या रेघा उमटल्या होत्या. रबराच्या ओठावर बोट फिरवले तेव्हा बोटाला वाळूचे कण लागले. काच दर वेळी खाली-वर होताना तेच कण फिल्मवर घासत होते, आणि ते ओरखडे आता कशानेही जाणार नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा काच पूर्ण खाली करून खोबणी मऊ ब्रशने झाडावी आणि रबर ओल्या फडक्याने पुसावे.

जांभळट पडलेल्या फिल्मवर दुसरी फिल्म चिकटवू नये, कारण प्रत्येक थराबरोबर प्रकाश घटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १००व्या नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. जुनी फिल्म केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून कोपऱ्यापासून सावकाश सोलावी. मागच्या काचेवर मात्र पाते लावू नये. त्या काचेवरचे बाष्प घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा तुटल्या तर पावसात ती काच धुरकटच राहते.